‘फास्ट’ची जात कोणती?

तालुक्याच्या गावातली मराठी शाळा, सातवीचा वर्ग. फळ्याच्या कोपऱ्यात पट ४२, हजर ३७ असं लिहिलेलं. इंग्रजीच्या सरांनी हजेरीची वही मिटली, फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘पार्ट्स ऑफ स्पीच’ लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मग एकाखाली एक आठ नावं उतरली: नाउन, प्रोनाउन, ॲडजेक्टिव्ह, व्हर्ब, ॲडव्हर्ब, प्रीपोझिशन, कंजंक्शन, इंटरजेक्शन. वर्गानं ती सुरात म्हटली. पावकी-निमकी शाळेतून केव्हाच गेली, पण सुरात म्हणण्याची हौस काही गेलेली नाही.

“इंग्रजीतला कुठलाही शब्द घ्या,” सर खडू झटकत म्हणाले, “तो या आठांत बसतोच बसतो.”

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “सर, हजेरीला आपण ‘यस सर’ म्हणतो. त्यातला ‘यस’ कशात बसतो?”

सरांनी यादी वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली. नाम म्हणावं तर तो कशाचंच नाव नाही. विशेषण म्हणावं तर कुणाबद्दल विशेष काही सांगत नाही. क्रिया नाही, जोडणी नाही, आश्चर्यही नाही. सकाळी साडेदहाला ‘यस सर’ म्हणणाऱ्या मुलाच्या आवाजात कुठलीच भावना नसते. शेवटी सर घड्याळाकडे बघून म्हणाले, “उद्या सांगतो.”

सरांचा यात काही दोष नाही. हा ‘उद्या’ दोन हजार वर्षं पुढे ढकलला जातो आहे.

इंग्रजीत यांना नुसतेच ‘भाग’ म्हणतात. मराठी व्याकरणानं मात्र त्यांना ‘शब्दांच्या जाती’ असं नाव दिलं, आणि आपल्याकडे जात म्हटली की दाखला आला, पडताळणी आली, पडताळणी समितीसमोरच्या तारखा आल्या. मराठी शब्द या बाबतीत तसा सरळ असतो. ‘पळतो’, ‘पळाली’, ‘पळतील’ यांच्या शेपटीवरूनच हे क्रियापद आहे हे कळतं. ‘घोड्याला’ म्हटलं की आत घोडा हे नाम आहे आणि त्याच्या पाठीवर विभक्ती बसली आहे हे पोरसुद्धा सांगेल. इंग्रजी शब्दाच्या अंगावर अशी खूण क्वचितच असते. एके काळी असायची. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विभक्तीचे भरपूर प्रत्यय होते. पुढे ते झिजत गेले, आणि आजचा इंग्रजी शब्द कागदपत्रं हरवलेल्या माणसासारखा बिनदाखल्याचा हिंडतो. उभा राहील तिथली जात सांगतो आणि ती खपूनही जाते.

उदाहरणाला मुंबईकरांच्या रोजच्या ओळखीचा शब्द घ्यावा: ‘फास्ट’. फास्ट लोकल म्हटली तर विशेषण. माणूस फास्ट धावला तर क्रियाविशेषण. एकादशीचा उपवास म्हणजेही ‘फास्ट’, तिथे तो नाम. उपवास करणं म्हणजेही ‘फास्ट’, तिथे क्रियापद. आणि सकाळी हा फास्ट ‘ब्रेक’ केला की ब्रेकफास्ट. एवढ्यावर भागत नाही. इंग्रजीत ‘फास्ट’चा एक जुना अर्थ ‘घट्ट, जागचं न हलणारं’ असाही आहे, आणि खरं तर तो वेगाच्या अर्थापेक्षा आधीचा आहे. म्हणजे जुलैच्या पावसात रुळांवर पाणी आलं आणि कुर्ल्याच्या अलीकडे गाडी तासभर उभी राहिली, तर ती फास्ट लोकल फास्ट अडकली आहे असं इंग्रजी व्याकरणाला धरून म्हणता येतं. आत एकादशी धरलेला एखादा प्रवासी असेल तर तो स्वतःही फास्टच करत असतो. एकच शब्द, चार जाती, आणि अर्थ इतके परस्परविरुद्ध की त्यातला एक पळतो आणि दुसरा जागचा हलत नाही.

हाच शब्द मराठीत आला की आणखी एक गंमत होते. “सव्वाआठची फास्ट गेली रे!” इथे तो विशेषण उरलेला नाही. लोकल खाली उतरली, फास्ट एकटीच पुढे गेली, आणि जाताना स्त्रीलिंगी नाम होऊन गेली. फलाटावरच्या कुणालाही यात काही चुकलं असं वाटत नाही. चुकलेली असते ती गाडी.

आता या आठांचं मूळ बघावं. इसवी सनापूर्वी १०० च्या सुमारास डायोनिसियस थ्रॅक्स नावाचा एक ग्रीक पंडित होऊन गेला. त्याच्या नावावर असलेल्या चिमुकल्या व्याकरणात शब्दांचे आठ प्रकार मोजले आहेत. पण ते आठ म्हणजे फळ्यावरचे आठ नव्हेत. त्यांत ‘आर्टिकल’ला स्वतंत्र जागा होती, धातुसाधितालाही होती. विशेषण मात्र नामाच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहत होतं आणि उद्गारवाचकाची सोय क्रियाविशेषणाच्या ओसरीवर केलेली होती.

रोमन लोकांनी ही यादी आपल्या भाषेसाठी उचलली आणि त्यांच्या लक्षात आलं की लॅटिनमध्ये आर्टिकलच नाही. एक पद रिकामं झालं. पुढे काय झालं असेल हे सरकारी कचेरीत चार दिवस काढलेल्या माणसाला सांगायला नको. मंजूर आकृतिबंध आठ पदांचा. सातच भरलेली दाखवली तर आठवं कायमचं रद्द होतं. रोमनांनी ओसरीवरच्या उद्गारवाचकाला बढती दिली, आर्टिकलच्या रिकाम्या खुर्चीत बसवलं आणि हजेरीपटावर पुन्हा आठ भरले. ‘अरेरे’ आणि ‘अहाहा’ या शब्दांची व्याकरणातली स्वतंत्र नेमणूक ही अशी आहे. चौथ्या शतकात डोनाटसनं रोममध्ये मुलांसाठी प्रश्नोत्तरांचं एक छोटं व्याकरण लिहिलं. त्यात सुरुवातीलाच शब्दप्रकार किती असं विचारलं आहे आणि उत्तर आठ असं दिलं आहे. एमपीएससीच्या गाइडांचा मूळपुरुष शोधायचा झाला तर तो इथे सापडावा.

इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण विल्यम बुलोकर यांनी १५८६ मध्ये लिहिलं, तेही लॅटिनच्याच मापानं. दुसऱ्याच्या अंगावरून माप घेऊन शिवलेला सदरा तो. बाह्या लांब आल्या तर दुमडायच्या. १७६१ साली जोसेफ प्रीस्टली यांनी इंग्रजी व्याकरणावर पुस्तक काढलं. हे तेच प्रीस्टली, ऑक्सिजनच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे. ऑक्सिजन मागाहून; आधी व्याकरण. त्यांनी धातुसाधिताला नारळ दिला आणि त्या जागी विशेषणाला घेतलं. आकडा अर्थातच आठ. पुढच्याच वर्षी रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूंचं व्याकरण आलं, त्यात नऊ. कारण इंग्रजीत आर्टिकल आहे आणि ते लाउथना दिसलं. १७९५ मध्ये लिंडली मरे यांनीही नऊच मोजले. मरे हे अमेरिकेतले वकील. प्रकृतीसाठी इंग्लंडात यॉर्कला येऊन राहिले होते. तिथल्या मुलींच्या एका शाळेसाठी त्यांनी व्याकरण लिहिलं, आणि ते इंग्लंड-अमेरिकेत इतकं खपलं की वकिलीत मिळालं नसतं एवढं नाव त्यांना क्रियाविशेषणांनी मिळवून दिलं.

भारतात मग नेसफील्ड यांचं व्याकरण आलं आणि त्याच्या मागून, १९३० च्या दशकात, रेन अँड मार्टिन. हे एकाच माणसाचं नाव आहे असं समजणारे लोक आजही भेटतात. पण ते शंकर-जयकिशनसारखी जोडगोळी होते. त्यातले पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी करून गेले. फ्रेंच फॉरिन लीजनवरची ‘बो जेस्ट’ ही त्यांची साहसकादंबरी १९२४ मध्ये गाजली. वाळवंटात तलवारी आणि बंदुका नाचवणारा हाच लेखक भारतीय मुलांच्या कपाळी ‘फिल इन द ब्लँक्स विथ सूटेबल प्रीपोझिशन्स’ लिहून गेला. यातली कुठली मोहीम जास्त रक्तरंजित, हे ज्यानं त्यानं आपल्या प्रगतिपुस्तकावरून ठरवावं. रेन-मार्टिन यांनी आर्टिकलला पुन्हा विशेषणाच्या घरात पाठवलं आणि आठाचा आकडा सुखरूप ठेवला.

मराठीचं काय? इथे खरं तर आयतं घरचं धान्य होतं. यास्कानं निरुक्तात चारच प्रकार सांगितले आहेत: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. पाणिनीनं तर दोनांत काम उरकलं. सुबन्त आणि तिङन्त, संपलं. पण दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाचा साचा होता. मराठीच्या अंगणात आठ जाती येऊन बसल्या त्या त्या वाटेनं. शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी अशी भारदस्त नावं मिळाल्यावर त्या इतक्या इथल्या वाटू लागल्या की त्यांचं मूळ गाव थ्रॅक्सच्या अलेक्झांड्रियाकडचं आहे हे कुणाला खरं वाटू नये.

आणि योगायोग बघा. मराठी शब्दांच्या आठ जातींची व्यवस्था लावून देणारे हेच दादोबा १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा स्थापन करणाऱ्यांत होते. सभा गुप्त होती आणि जातिभेद मोडणं हा तिचा मुख्य उद्देश. आत येऊ इच्छिणाऱ्याला पावाचा तुकडा खावा लागे, कारण त्या काळी पाव खाल्ला म्हणजे बाटला. म्हणजे दिवसा शब्दांच्या जाती सांगायच्या आणि रात्री बंद दाराआड माणसांच्या मोडायच्या. दोन्हींतली कोणती जास्त टिकली हे शाळेच्या फळ्यावरही दिसतं आणि वर्तमानपत्रांतल्या स्थळांच्या जाहिरातींतही.

या आठांवर मराठीत सगळेच खूश नव्हते. मोरो केशव दामल्यांनी १९११ मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा जाडजूड ग्रंथ लिहून एकेका गोष्टीचा कीस काढला. हे कवी केशवसुतांचे धाकटे बंधू. एका घरात एक भाऊ तुतारी फुंकत होता आणि दुसरा तुतारीचं लिंग, वचन, विभक्ती तपासत होता. पुढे अरविंद मंगरूळकर, कृ. श्री. अर्जुनवाडकर यांनी इंग्रजी-संस्कृतच्या साच्यात मराठी कोंबण्यावर बरेच आक्षेप घेतले. विद्वानांनी ते वाचले. गाइडवाल्यांनी वाचले नाहीत.

आर्टिकलला रोमनांनी हाकललं, रेननं पोटभाडेकरू केलं, आणि मराठी माणसाच्या इंग्रजीत तर त्याला पत्ताच नाही. मराठीत ‘अ’ नाही, ‘ॲन’ नाही, ‘द’ नाही. ‘एक माणूस आला होता’ इथे ‘एक’ थोडंफार ते काम करतो, पण तेवढंच. त्यामुळे मराठी माणूस इंग्रजी बोलताना एकतर आर्टिकल विसरतो, नाहीतर उपम्यात शेंगदाणे टाकावेत तशी ती अंदाजानं पेरतो. शाळेत सांगितलेलं असतं की ए, ई, आय, ओ, यू यांच्याआधी ‘ॲन’. त्या भरवशावर पोरगं शहरात येतं, पेठेतल्या अभ्यासिकेत टेबल धरतं, आणि तिथे त्याला कळतं की ‘ॲन एमपीएससी’ बरोबर, पण ‘अ यूपीएससी’. ‘एम’ हे अक्षर व्यंजनाचं, पण तोंडातून पहिला निघतो तो ‘ए’ हा स्वर. ‘यू’ हे अक्षर स्वराचं, पण उच्चाराची सुरुवात होते ‘य’नं. आर्टिकल कागद बघत नाही, कान देऊन ऐकतं. पाच वर्षं दोन्ही परीक्षा दिलेल्या उमेदवाराला हा एक फरक तरी पदरात पडावा.

तरीही ‘द’ महाराष्ट्रातून पूर्ण हद्दपार आहे असं म्हणवत नाही. कुठल्याही तालुक्याच्या बाजारपेठेत सहकारी पतपेढ्यांच्या आणि बँकांच्या पाट्या वाचत जावं. गावाचं नाव, देवाचं नाव किंवा संस्थापकांचं नाव, शेवटी ‘मर्यादित’ आणि बऱ्याच पाट्यांवर सगळ्यांच्या आधी, फेटा बांधल्यासारखं, ‘दि’. ज्या शब्दाला लॅटिनमध्ये थारा मिळाला नाही तो इथे ठेवी गोळा करतो आहे.

प्रीपोझिशनचा घोळ वेगळा. मराठी शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येतं आणि त्याला चिकटून बसतं. टेबलावर, घरामागे, पावसाआधी. इंग्रजीतलं पुढे चालतं आणि सुटं चालतं. लग्नाच्या वरातीत आपल्याकडे करवली नवरीच्या मागे असते, त्यांच्याकडे पुढे, एवढाच काय तो फरक असं वाटतं. पण मग कळतं की कुठल्या नवरीपुढे कुठली करवली हे ठरवणारा कायदा कुठेच लिहिलेला नाही. माणूस ‘इन’ कारमध्ये बसतो, पण ‘ऑन’ बसमध्ये. मराठी माणूस दोन्हीत ‘मध्ये’च बसतो आणि सुखरूप पोचतो. इंग्रज लोक साधारणपणे ज्या वाहनात उठून चालता येतं त्याला ‘ऑन’ म्हणतात. संध्याकाळी सहाच्या विरार लोकलमध्ये उठून चालणं सोडाच, हात वर करून नाक खाजवता येत नाही, तरी माणूस ‘ऑन’ द ट्रेनच. मराठीत लग्न कुणाशी तरी होतं, म्हणून पत्रिकेवरचं इंग्रजी ‘मॅरीड विथ’ होतं. इंग्रजीत ते ‘टू’. ‘विथ’मध्ये सोबत आहे, ‘टू’मध्ये दिशा आहे. या एका ठिकाणी मराठीचं म्हणणं जास्त पटतं.

‘गो टू होम’ ही सातवीतली हमखास चूक. इथेही आधी मुलाला दोष द्यायची घाई नको. ‘गो टू स्कूल’ चालतं, ‘गो टू मार्केट’ म्हटलं तर फार तर मधला ‘द’ राहिला म्हणून अर्धा गुण जातो, मग ‘होम’नं काय घोडं मारलं? तर ‘होम’ तिथे नाम नसून क्रियाविशेषण आहे. ‘घर’ नव्हे, ‘घरी’. ‘घरी’ला आणखी ‘कडे’ लावून ‘घरीकडे’ कुणी म्हणत नाही, तसंच ते. हे इतकं सोपं मराठी उत्तर आहे, पण ते मुलाला मिळत नाही. मिळतो तो लाल पेनाचा गोल.

क्रियाविशेषण ही जात म्हणजे तशी घरातली माळ्यावरची पेटी. कुठे ठेवावं हे न सुचलेलं सगळं तिच्यात. ‘क्विकली’ तिच्यात, ‘यस्टर्डे’ तिच्यात, ‘व्हेरी’ तिच्यात, ‘नॉट’ तिच्यात. यांचा एकमेकांशी संबंध काय? जुनी छत्री, दिवाळीचा आकाशकंदील आणि बंद पडलेला मिक्सर यांचा असतो तेवढाच.

सर्वनामांत इंग्रजीची गरिबी उघडी पडते. तू, तुम्ही, आपण या तिघांना मिळून त्यांच्याकडे एकटा ‘यू’. ‘दाउ’ होता पूर्वी एकवचनी, तो प्रार्थनेपुरता उरला. त्यामुळे इंग्रजीत सासऱ्याला आणि पेपरवाल्या पोराला एकच सर्वनाम, ही सोय मराठी जावयाला कधी मिळायची नाही. उलट बाजूनं इंग्रजांनी अलीकडे एकाच व्यक्तीसाठी ‘दे’ वापरायला मोकळेपणानं सुरुवात केली. पूर्वीच्या इंग्रजीतही हा वापर होता, पण वाद नव्यानं पेटला आणि मेरियम-वेब्स्टरनं २०१९ चा वर्षातला शब्द म्हणून ‘दे’ निवडला. मराठी घरातल्या आजीला याचं काहीच नवल वाटलं नसतं. तिनं जन्मभर एकाच माणसाला ‘ते’ म्हटलं, आणि तो माणूस माजघरात आला की ‘हे’.

हे ‘हे’ प्रकरण व्याकरणानं नीट हाताळलेलंच नाही. ‘आमच्या ह्यांना आवडत नाही’ यातलं ‘ह्यांना’ नावाला सर्वनाम. कामाला ते विशेषनाम आहे, तेही असं की अख्ख्या वाड्यात प्रत्येकीचं वेगळं. आणि ‘अहो’? ती तर हाक, म्हणजे उद्गाराच्या भावकीतली. पण हल्ली नव्या लग्नाच्या मुली मोबाइलवर फोटो टाकतात आणि खाली लिहितात, ‘माझे अहो’. हाकेचं नाम झालं, नामाला विशेषण लागलं, अनेकवचनी आदरही तसाच राहिला. ‘आई गं’चा प्रवास उलटा. आई हे नाम, पण पायाचा अंगठा उंबऱ्याला आपटला की ती केवलप्रयोगी होते. तेव्हा आई शेजारी उभी असली तरी हाक तिला नसते.

इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत या केवलप्रयोगी जातीला कायम दोनच कामं. ‘अलास’ आला की कुणीतरी मेलेलं असतं आणि ‘हुर्रा’ आला की सामना जिंकलेला असतो. प्रत्यक्षात कुठल्याही मयताला ‘अलास’ म्हणणारा इंग्रज आता नाटकात शोधावा लागेल. २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात आपल्या दक्षिणेचा आणि आग्नेय आशियाचा ‘अय्यो’ दाखल झाला, ते एक बरं झालं. ‘अगंबाई’ अजून रांगेत आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, पण इंग्रजी शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून घरात वावरत होते आणि मराठी त्यांना दारातच नवी जात देत होती. पद्धत अशी: शब्द कुठलाही असो, ‘करणे’ लावला की क्रियापद. ॲडजस्ट करणे, मॅनेज करणे, फॉरवर्ड करणे. कामात दांडगाई असेल तर ‘मारणे’: कॉपी मारणे, राउंड मारणे, बंक मारणे. आपोआप घडत असेल तर ‘होणे’: बोअर होणे. ‘अप’ आणि ‘डाऊन’ ही इंग्रजीतली दिशा दाखवणारी साधी क्रियाविशेषणं. रेल्वेनं त्यांची विशेषणं केली. सीएसएमटीकडे जाणारी अप, उलट दिशेची डाऊन. मराठीनं दोघांची गाठ मारली आणि ‘तो रोज नाशिकहून अप-डाऊन करतो’ असं म्हणून एका माणसाचं अख्खं आयुष्य पाच शब्दांत सांगितलं. इंग्रजीत हे सांगायला लांबलचक वाक्य लागेल आणि तरी त्यात डबा, पास आणि चौथी सीट येणार नाही.

नामांना लिंग द्यायचं कामही सीमेवरच उरकलं जातं. इंग्रजी टेबलाला लिंग नाही, मराठीत येताच द्यावं लागतं. बस आली, ट्रक आला, तिकीट मिळालं. का, ते विचारायचं नाही. पण ‘पेन’वर अजून एकमत नाही. कुणाचा तो पेन, कुणाचं ते पेन, आणि दोघेही एकमेकांच्या गावाकडे बोट दाखवतात. ‘मेल’ गाडीची असेल तर ती येते. कार्यालयाचा असेल तर काहींना तो येतो, काहींना ती, आणि उत्तर दोघेही देत नाहीत.

भाषाशास्त्रज्ञांनी आठाचं जोखड झुगारायचा प्रयत्न केला नाही असं नाही. अमेरिकेत चार्ल्स फ्राइज यांनी टेलिफोनवरची सुमारे ५० तासांची संभाषणं नोंदवली आणि १९५२ मध्ये त्या आधारावर इंग्रजीची नवी मांडणी केली. नाम-क्रियापद ही नावंच काढून टाकली. मुख्य शब्दांचे वर्ग एक, दोन, तीन, चार. उरलेल्या किरकोळ शब्दांचे पंधरा गट, त्यांना ए, बी, सी अशी अक्षरं. महाराष्ट्र शासनाच्या कुठल्याही कर्मचाऱ्याला ही मांडणी एका दमात समजली असती. वर्ग एक अधिकारी, वर्ग चार शिपाई. पुढे शासनानंही वर्ग मोडून गट अ, ब, क, ड केले. २००२ च्या केंब्रिज व्याकरणात हडलस्टन आणि पुलम यांनी सर्वनामाला नामात घातलं, आर्टिकलला बिऱ्हाड दिलं, उभयान्वयीची फाळणी केली आणि नऊवर आले. संगणकाला वाक्यं शिकवण्यासाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जी यादी झाली तिच्यात विरामचिन्हं सोडून ३६ खुणा आहेत. मोबाइलवर पुढचा शब्द सुचवणाऱ्या यंत्रांचे पूर्वज या छत्तीस जातींत वाढले. शाळेतली पोरं सुदैवी म्हणायची.

या साऱ्यांची परीक्षा घेणारं एक वाक्य भाषाशास्त्राच्या वर्गांत फार गाजलेलं आहे. त्यात शब्द आठ, आणि आठही एकच: बफेलो बफेलो बफेलो बफेलो बफेलो बफेलो बफेलो बफेलो. अमेरिकेत बफेलो नावाचं शहर आहे, तिकडे बायसन नावाच्या गव्यालाही बफेलो म्हणतात, आणि धमकावणे या अर्थी तेच क्रियापद आहे. तेव्हा अर्थ असा: बफेलोतल्या ज्या गव्यांना बफेलोतले गवे धमकावतात, ते स्वतः बफेलोतल्या आणखी गव्यांना धमकावतात. आठांपैकी तीन ठिकाणी शहर, तीन ठिकाणी गवा, दोन ठिकाणी दादागिरी. मराठीला हा खेळ जमणार नाही, कारण मराठी म्हैस रस्त्यात आडवी पडली तरी म्हैसच राहते. तिचं क्रियापद कुणी केलेलं नाही.

राहता राहिला ‘यस’. मोठे कोश त्याला बहुधा क्रियाविशेषण म्हणतात, म्हणजे माळ्यावरची तीच पेटी. काही जण उद्गार म्हणतात. काही व्याकरणकार तो कुठल्याच जातीत धरत नाहीत. एकट्यानं अख्खं वाक्य होणारा शब्द, म्हणून त्याला वेगळं काढतात. सातवीच्या त्या सरांनी दुसऱ्या दिवशी हजेरी घेतली. मागच्या बाकावरून ‘यस सर’ आला तेव्हा त्यांनी क्षणभर वर बघितलं आणि तिच्या नावापुढे खूण केली. पट ४२, हजर ३८. वाचकांपैकी कुणाला ‘यस’ची जात खात्रीनं ठाऊक असेल तर त्यांनी आपल्या गावच्या इंग्रजीच्या सरांना जरूर कळवावी. फक्त उत्तर देताना ‘यस’नं सुरुवात करू नये.